घड आणि टेकू

बोटाला शाई लावून आलेल्या माणसाला विचारा, मत कुणाला दिलं? तो सरळ पंतप्रधानांचं नाव घेतो. भाऊ, आपल्याकडच्या यंत्रावर ते नाव होतं तरी का? जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार, इथे आपण निवडतो तो खासदार. लोकसभेत बहुमत ज्याच्यामागे, त्याला राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात.

रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. केळी निसवली, घड भरला की झाड वाकतं. मग बांबूचा टेकू लावायचा. पंतप्रधानपद म्हणजे असा भरलेला घड. वजन मोठं! मंत्री कोण, कोणतं खातं कुणाला, नारळ कुणाला, सगळं त्यांच्या हाती. (मंत्री मात्र हवे तितके नाहीत. २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर लोकसभेच्या १५ टक्के, म्हणजे ५४३ पैकी ८१.) पण टेकू लोकसभेचा. १७ एप्रिल १९९९ ला तो एका मताने सरकला. वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९, विरोधात २७०. एक मत म्हणजे एक खासदार! म्हणून पुन्हा सांगतो, बटण खासदाराचं असतं. त्याला नीट पारखा, किडका बांबू कुणी बागेत नेतं का?

दुसरं. नाडगावच्या आपल्या प्रतिभाताई राष्ट्रपती होत्या. २२ मे २००९ ला मनमोहन सिंगांना शपथ त्यांनीच दिली. ताईंनी मनात आणलं तर खान्देशाचं सोनं होईल, असं पारावर बोललं जायचं. तसं नसतं हो! राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. फार तर एकदा 'फेरविचार करा' म्हणता येतं. आणि सल्ला एकट्या पंतप्रधानांचा नव्हे, मंत्रिमंडळाचा. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणीवर रात्री सही झाली, मंत्रिमंडळाला कळलं सकाळी. म्हणून तर ४४ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मागितला.

मनमोहन सिंग तर राज्यसभेचे, मग त्यांना टेकू कुणाचा, असं एखादा हुशार विचारेल. तोही लोकसभेचाच, बाबा! तिथल्या खासदारांनी पाठिंबा दिला म्हणून ते दहा वर्षं होते. अविश्वास ठराव फक्त लोकसभेतच येतो, तोही म्हणूनच.