घराच्या भिंतीला हिरवा मांडव



पानवेलीची जोपासना हा आपल्या बारी समाजाचा पिढीजात उद्योग. रामटेकचे पान आणि अंजनगाव सुर्जीची पानपिंपळी यांवर कित्येक घराण्यांचा योगक्षेम चालला. आज आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे नागपुरात नोकरीधंद्यात स्थिरावली आहेत आणि लग्नकार्यातील विड्याचे पानही बाजारातून आणतात. ही गोष्ट लाजेची नव्हे. परंतु विचार करावयास लावणारी खचित आहे. मळा सुटला तरी विद्या सुटू नये, एवढ्यासाठी घराच्या भिंतीलगत लाकडी एकपाखी हरितगृह कसे उभारावे, हा विषय आम्ही आज आपणांपुढे मांडीत आहोत.

विलायतेत अशी घरे काचेची करतात, कारण तेथे झाडांना थंडीपासून जपावयाचे असते. काचेतून ऊन आत शिरते, तापलेली हवा मात्र कोंडून राहते. बंगळूरच्या लालबागेतही 1889 सालचे काचघर आहे. पण तेथील हवा सौम्य. आपल्या नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. येथे काच बसविणे म्हणजे रोपे भट्टीत घालणेच होय. आपणांस हवी सावली, ओल आणि झळांपासून आडोसा. शेवरी-पांगाऱ्यावर वेल चढवून, त्यांच्याच सावलीत ती वाढविणारे आपले वाडवडील नेमके हेच साधीत होते. तत्त्व आपल्या घरचेच आहे. केवळ साहित्य बदलावयाचे आहे.

प्रथम भिंत निवडावी. पश्चिमेची भिंत वर्ज्य समजावी. ती दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकते. पूर्वेची भिंत उत्तम. सकाळचे कोवळे ऊन मिळते, दुपारनंतर घराचीच सावली पडते. उत्तरेची भिंतही चालेल; परंतु मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्यावर किंवा किंचित उत्तरेस असतो, हे ध्यानी ठेवावे.

लांबी 10 फूट, रुंदी 6 फूट, भिंतीकडील उंची 9 फूट आणि पुढील 7 फूट एवढे माप लहान कुटुंबास पुरे. भिंतीला आडवी सागवानी तुळई बोल्टांनी पक्की करावी. पुढील खांब मातीत पुरू नयेत. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वाळवीला वाट देते. मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीटचा ठोकळा करावा, त्यात लोखंडी पट्ट्या बसवाव्यात आणि खांब जमिनीपासून चार बोटे वर धरावा. वासे दोन-दोन फुटांवर टाकून त्यांवर निम्मे ऊन अडविणारी हिरवी जाळी ताणावी.

एप्रिल-मे महिन्यांत वाऱ्याच्या बाजूस वाळ्याची ताटी लावून ती भिजती ठेवावी. हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडते व गारवा येतो. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने ताटीचा उपयोग नाही. ती काढून ठेवावी. त्या वेळी छपरावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरावे, भिंतीजवळचा सांधा जस्ती पत्र्याने झाकावा, पुढे पन्हळ लावावी आणि बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. पानवेलीला ओल हवी, पण मुळाशी पाणी तुंबले की वेल कुजते.

हौसेपायी घराची हानी होऊ नये. वाफा भिंतीला चिकटवून करू नये. हातभर अंतर सोडावे आणि माती जोत्याच्या पातळीखालीच ठेवावी. भिंत सामायिक असेल तर शेजाऱ्यांची संमती आधी घ्यावी. घराभोवती मोकळ्या सोडावयाच्या जागेविषयी महानगरपालिकेचे नियमही आधीच विचारून घ्यावेत. झाडासाठी शेजारधर्म मोडणे शोभत नाही.

मांडव सुतार उभारील. वेल मात्र जाणत्याच्या हातून लावावी. ज्यांनी पानमळ्यात आयुष्य वेचले असे वृद्ध आजही आपल्यांत आहेत. त्यांच्याकडून तीन-चार डोळ्यांचे वेलीचे तुकडे मागून घ्यावेत, आणि लावताना नातवंडांना जवळ बसवावे. कोणता डोळा मातीत ठेवावा, वेल कधी बांधावी, पान कधी खुडावे, हे पुस्तकापेक्षा त्या हातांना अधिक ठाऊक आहे. लाकूड पुढील वर्षीही मिळेल; ते हात पुढील वर्षी असतीलच, असे कोणी सांगावे? म्हणून हे कार्य याच वर्षी हाती घ्यावे, अशी आपणां सर्वांस आमची नम्र विनंती आहे.