पडद्यावर काय दिसते
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)

आरतीनंतर भेटणारे हमखास विचारतात, "हैदराबादेत बसून नौदलाचे कसले काम करता? इथे हुसेनसागर सोडला तर पाणी कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. 'वरुणास्त्र' हा टॉर्पेडो विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत विकसित झाला, पण तो बनवणाऱ्या भारत डायनॅमिक्सचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले तर कुठेही बसतो. स्वतःच्या कामाबद्दल आम्हाला फारसे बोलता येत नाही, म्हणून जे जगजाहीर आहे तेवढ्यावरच बोलतो.

पाण्याखाली रडारचा उपयोग नाही. सगळी भिस्त आवाजावर. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, पण तापमान, क्षार आणि खोली यांप्रमाणे हा वेग बदलतो आणि आवाजाची वाट वाकते. दुपारी वरचे पाणी तापले की सकाळी नीट ऐकणाऱ्या सोनारलाही कमी ऐकू येते. म्हणजे आमच्या हाती येते तो अंदाज. तो पडद्यावर ठाम ठिपका म्हणून दाखवायचा की शंकेसकट, इथे आमचे खरे वाद होतात.

हवेतल्या लक्ष्याचेही तेच. 3 जुलै 1988 रोजी अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान पाडले. 290 माणसे गेली. नौकेवर एजिस ही त्या काळची अत्यंत प्रगत यंत्रणा होती. चौकशीत निघाले की यंत्रणेची नोंद बरोबर होती, विमान वर चढत होते. चकमकीच्या धांदलीत माणसांनी मात्र ते खाली, आपल्या अंगावर येते आहे असे धरले. उंची आकड्यांत दिसत होती. ती वाढते की घटते हे ज्याचे त्याने मनात ताडायचे. "प्रोग्रॅम तर बरोबर होता," असे म्हणून आमच्यातले काही जण हात झटकतात. आम्हाला ते पटत नाही. वर किंवा खाली दाखवणारा एक बाण काढायला कितीशा ओळी लागतात?

1997 च्या सप्टेंबरात 'यॉर्कटाउन' नौकेवर तर एका रकान्यात शून्य भरले गेले, शून्याने भागाकार झाला आणि जहाज भर समुद्रात ठप्प. शाळकरी पोरालाही कळणारी गोष्ट!

म्हणून लिहिण्यापेक्षा मोडून पाहण्यातच आमचा जास्त वेळ जातो. चुकीचे आकडे भरायचे, मध्येच वीज तोडायची, नौसैनिकाला पडद्यासमोर बसवून मुद्दाम गोंधळ घालायचा आणि तो कुठे अडखळतो ते गुपचूप टिपायचे. त्याने चूक केली की बदलायचा तो पडदा.

पगार? आयटीतल्या भाचरांपेक्षा कमीच. आणि घरी सांगता येते ते एवढेच, की उद्या विशाखापट्टणमला जायचे आहे, परतीचे तिकीट अजून काढलेले नाही.