डोंगराला दिवस द्या
(इन्सुली येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मराठी माणसाचं हिमालयाशी असलेलं नातं गेल्या तीस वर्षांत फार बदललं. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा ती अवघ्या महाराष्ट्राला नवलाची गोष्ट वाटली. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली त्याच शिखरावर गेले आणि २०१९ मध्ये याच संस्थेच्या दहा जणांनी कांचनजुंगा गाठलं. या मोहिमांमागे वर्षानुवर्षांची तयारी होती. आता त्याच ओढीने नोकरी-धंदा सांभाळणारी, गिर्यारोहणाचं प्रशिक्षण न घेतलेली माणसंही सहा हजार मीटरच्या शिखरांकडे वळू लागली आहेत. पैसे भरले की आयोजक परवाना काढतो, गाईड देतो, तंबू आणि दोर पुरवतो. ही वाट खुली झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण अशी मोहीम ठरवताना लोक पहिला प्रश्न विचारतात तो खर्चाचा आणि दुसरा विचारतात तो ‘किती जण वर पोहोचतात’ याचा. माझं म्हणणं असं आहे की पहिला प्रश्न दिवसांचा असायला हवा. समुद्रकाठच्या माणसाने उंच शिखराची मोहीम आखायची म्हणजे आधी दिवस आखायचे. बाकी सगळं, म्हणजे खर्च, गाईड, सामान आणि व्यायामसुद्धा, त्यानंतर येतं.

आधी ही शिखरं कोणती ते पाहू. नेपाळ सरकारने १९७८ मध्ये काही शिखरं मोठ्या मोहिमांच्या कडक नियमांतून वेगळी काढली आणि त्यांचे परवाने नेपाळ माउंटेनिअरिंग असोसिएशनकडे सोपवले. तीच ‘ट्रेकिंग पीक’. ही परवान्याची वर्गवारी आहे. शिखर सोपं असल्याची ग्वाही तिच्यातून मिळत नाही. एव्हरेस्टच्या खोऱ्यातलं ६,१८९ मीटरचं आयलंड पीक, म्हणजेच इम्जा त्से, हे त्यांतलं सर्वांत गजबजलेलं. त्याच्या वरच्या भागात हिमनदी आहे, तिच्यात भेगा आहेत आणि शेवटी बर्फाची उभी भिंत आहे. तिथे बुटांना क्रॅम्पॉनचे खिळे बांधून, बांधलेल्या दोरावर जुमारची पकड सरकवत चढावं लागतं. आपल्याकडे इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन मोहिमांना परवानगी देतं. लडाखमधलं ६,२५० मीटरचं कांग यात्से-दोन किंवा मनालीजवळचं ५,२८९ मीटरचं फ्रेंडशिप पीक ही मराठी मंडळींच्या यादीत नेहमी दिसणारी नावं. महाराष्ट्राचा सर्वोच्च माथा असलेलं कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे, आयलंड पीकच्या पाव भागाहून किंचित जास्त. आपल्या डोक्यावरची आंबोली तर सातशे मीटरच्या आत येते.

या आकड्यांतला फरक पायांना कळण्याआधी फुप्फुसांना कळतो. उंचीवर हवेतला प्राणवायूचा टक्का तोच राहतो, सुमारे २१. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. शरीर याला उत्तर देतं. श्वास वाढतो, रक्ताचं रसायन बदलतं, तांबड्या पेशी वाढू लागतात. पण हे बदल तासांत होत नाहीत, त्यांना दिवस लागतात, काहींना आठवडे. तेवढा अवधी मिळाला नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, अन्न जात नाही, झोप लागत नाही. तरीही वर जात राहिलं तर फुप्फुसांत पाणी साचतं किंवा मेंदूला सूज येते, आणि ही दोन्ही दुखणी वेळेत खाली न उतरल्यास जीव घेतात. पूर्वी हिमालयाच्या पायथ्यापासूनच चालत जावं लागे, म्हणून हा अवधी न मागता मिळत असे. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेने तेवढ्यावरही समाधान मानलं नाही. आठवड्यांची पायपीट करून एव्हरेस्टच्या खोऱ्यातल्या तेंगबोचेला पोहोचल्यावरही त्यांनी सुमारे तीन आठवडे आसपासच्या डोंगरांवर सराव केला आणि त्याच सरावात इम्जा त्सेवर पहिली चढाई झाली. आज मोपा विमानतळ आपल्या दाराशी आहे. आज इथून निघालेला माणूस दिल्लीमार्गे उद्या सकाळी साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये उतरू शकतो. प्रवास जलद झाला. शरीराचा वेग मात्र १९५३ सालचाच आहे.

हे अनुमान नाही, मोजून पाहिलेलं आहे. आयलंड पीकच्या वाटेजवळ ४,२४३ मीटरवर फेरिचे नावाचं गाव आहे. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी तिथून जाणाऱ्या २७८ जणांची पाहणी केली आणि ती १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ५३ टक्के लोकांना उंचीचा त्रास झालेला होता. जे विमानाने लुक्ल्याला उतरले होते त्यांच्यात तो खालून चालत आलेल्यांपेक्षा जास्त होता. चढण्याचा वेग जितका जास्त तितका त्रास जास्त. दुसरा पुरावा आपल्या सैन्याचा आहे. घाईने उंचीवर न्याव्या लागलेल्या जवानांच्या आजारांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडला, तो १,९२५ सैनिकांवर आधारलेला होता. सैन्याची आजची पद्धत अशी: पहिल्या टप्प्यात २,७०० ते ३,६०० मीटरवर सहा दिवस, ४,५०० पर्यंतच्या दुसऱ्या टप्प्यात चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार. एकूण चौदा. आपल्या सावंतवाडी तालुक्याला फौजेची परंपरा आहे, लडाख-सियाचीनला राहून आलेली माणसं आपल्या गावांत आहेत, त्यांना विचारा. कसलेल्या, तरुण, शिस्तीच्या जवानाला सैन्य चौदा दिवस देतं, आणि खुर्चीवर बसून काम करणारा माणूस दहा दिवसांत सहा हजार मीटर करून परतायचं म्हणतो. यातलं चुकीचं गणित कोणाचं, हे वेगळं सांगायला नको.

मग बरोबर गणित कसं मांडायचं? उंचीवरच्या वैद्यकाचा सर्वमान्य नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम त्याच ठिकाणी करायचा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला यायला हरकत नाही, उलट ते चांगलं. मोजायची ती झोपण्याची उंची. हा नियम आयलंड पीकच्या वाटेवर लावून पाहा. लुक्ल्याहून पहिला मुक्काम थोडं खाली, फाकडिंगला. दुसऱ्या दिवशी नामचे, ३,४४० मीटर. इथे उडी मोठी आहे, म्हणून दोन रात्री. मग तेंगबोचे ३,८६०, मग डिंगबोचे ४,४१०, ही उडीही पाचशेच्या थोडी वर, म्हणून तिथे पुन्हा दोन रात्री. मग चुखुंग ४,७३०, तिथे एक जादा रात्र दोराच्या आणि बर्फाच्या सरावासाठी. मग सुमारे ५,१०० मीटरवरचा बेस कॅम्प आणि मध्यरात्रीनंतर चढाई. म्हणजे लुक्ल्याहून शिखराचा दिवस उजाडतो दहावा. त्यावर हवामानासाठी दोन राखीव दिवस, उतरायला तीन-चार, लुक्ल्याचं विमान ढगांमुळे अडकतं म्हणून एक-दोन आणि काठमांडूचे दोन. अठरा-वीस दिवसांखाली हा आराखडा येत नाही. ज्या पत्रकात तो बारा दिवसांत बसवलेला असेल, तिथे कुठल्या रात्री कापल्या आहेत ते बोट ठेवून विचारा.

यावर पहिला आक्षेप येतो तो रजेचा आणि पैशाचा. तो खरा आहे, इतके दिवस प्रत्येकाला काढता येत नाहीत. पण खर्चाचा मोठा भाग विमान, परवाना, सामान आणि विमा यांत जातो आणि तो दिवस कमी केल्याने वाचत नाही. वाचतो तो चार-पाच दिवसांच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च, आणि त्या बचतीवर सगळी मोहीम पणाला लागते. ज्याला खरोखरच वीस दिवस मिळत नाहीत, त्याच्यासाठी योग्य मार्ग कमी उंचीच्या शिखराचा आहे. पाच हजार मीटरचं शिखर पुरेसे दिवस देऊन चढणं हे सहा हजारांचं शिखर घाईने गाठू पाहण्यापेक्षा केव्हाही मोठं काम आहे.

दुसरा आक्षेप तरुणांचा. आम्ही रांगणा, मनोहरगड करतो, आंबोलीचा घाट सायकलने चढतो, आम्हाला काय होणार? व्यायाम हवाच. सहा महिने आधीपासून पाठीवर वजन घेऊन चढ-उतार केल्याशिवाय शिखराच्या दिवसाचे बारा-चौदा तास निभत नाहीत. पण तंदुरुस्ती उंचीच्या आजाराला अडवत नाही. फेरिचेच्या पाहणीत तरुणांनाच त्रास अधिक आढळला. दमदार माणूस भरभर वर जातो आणि त्याचं शरीर मागे राहतं. सह्याद्रीतला सराव पाय, तोल आणि चिकाटी घडवतो. विरळ हवेची सवय मात्र विरळ हवेतच होते.

तिसरा आक्षेप गोळीचा. डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसेटाझोलामाइड, घेतली की झालं, असं सर्रास सांगितलं जातं. हे औषध उपयोगी आहे, ते श्वासाची गती वाढवून जुळवून घेण्याला हातभार लावतं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेण्यात कमीपणा नाही. पण ते दिवसांना पूरक आहे, त्यांचा पर्याय नाही. आणि त्रास सुरू झाल्यावर गोळी घेऊन वर जात राहणं हा तर सरळ आत्मघात. लक्षणं असताना वर जायचं नाही आणि ती वाढली तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. या नियमाला अपवाद नाही.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: गाईड आहे ना, तो बघेल! चांगला गाईड खूप काही करतो. वाट काढतो, दोर लावतो, हवामान वाचतो, आपला चेहरा पाहून आपली अवस्था ओळखतो. पण आपल्या वाट्याचा श्वास तो घेऊ शकत नाही. आठ दिवसांच्या आराखड्यात त्याच्या हाती थांबण्याचा निर्णयच उरत नाही, कारण एकासाठी थांबलं तर सगळ्यांचं शिखर जातं. राखीव दिवस असले तरच गाईडच्या अनुभवाला अर्थ येतो. शिवाय जाणकारांच्या सोबतीलाही मर्यादा आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-दोन या ५,६७० मीटरच्या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमलोट कोसळला आणि २९ जण गेले. ती देशातल्या नामांकित संस्थेची तुकडी होती, सोबत अनुभवी प्रशिक्षक होते. तिथला धोका नाहीसा करणं कोणाच्याच हातात नसतं. तो वाढवायचा की नाही, एवढंच आपल्या हातात असतं, आणि घाई तो हमखास वाढवते.

हवामानाचं तर आपल्याला सांगायलाच नको. वादळाची सूचना आली की होड्या किनाऱ्याला घ्यायच्या, हे या किनाऱ्याला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात प्रचंड बर्फ टाकलं. ५,४१६ मीटरच्या थोरोंग खिंडीसह त्या सगळ्या भागात चाळीसहून अधिक माणसं मेली. पुढे जाण्याऐवजी मुक्कामी थांबायला हाताशी दिवस असावा लागतो. आपल्याकडे याचं एक नेहमीचं रूप आहे. लडाखचा हंगाम जुलै ते सप्टेंबर, आणि गणेशचवथीला घरी पोहोचायचंच असतं. परतीचं तिकीट चवथीच्या आदल्या दिवसाचं काढलं की शिखराची तारीख डोंगर ठरवत नाही, पंचांग ठरवतं. अशा वर्षी एक तर चवथीनंतर जावं किंवा पुढल्या वर्षी जावं. भातलावणी, कापणी, परीक्षा, लग्न, सगळ्यांना हेच लागू.

आणखी एका माणसाचा विचार आराखड्यात असला पाहिजे. आपलं ओझं वाहणारा हमाल शेर्पाच असतो असं नाही. नेपाळमधले कित्येक हमाल खालच्या डोंगरांतले, सखल भागातले असतात आणि विरळ हवा त्यांनाही आपल्यासारखीच बाधते. आपण कापलेला दिवस त्यांचाही कापला जातो, आणि तेही पाठीवर वजन असताना. त्यांचा विमा, त्यांचे बूट-कपडे आणि आजारी पडल्यास त्यांना खाली नेण्याची सोय आयोजकाने केली आहे का, हे विचारणं आपलं कर्तव्य आहे.

म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आयोजकाकडून प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची लेखी मागा आणि ती स्वतः तपासा. राखीव दिवस किती, माघारी फिरण्याची ठरलेली वेळ कोणती, एका गाईडमागे माणसं किती, एखाद्याला खाली न्यावं लागलं तर सोबत कोण जाणार आणि विमा किती उंचीपर्यंत चालतो, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर टाळणाऱ्याबरोबर जाऊ नका. आणि घरच्यांनो, निघणाऱ्याला ‘शिखर करूनच ये’ असं सांगू नका. वरून माघारी आलेल्या मुलाचाही तितक्याच मानाने सत्कार करा. हे आपल्या गावांनी ठरवलं, तर आपली मुलं हिमालयात अधिक जातील आणि सगळी घरी परत येतील.