पणजीचं माहेरचं नाव

आज कोडिंग नाही, आज पणजी. आजीची आई. आजी चार वर्षांची असताना ती गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मामाकडचं जाणंयेणं तुटलं. आजीला मामाचं आडनाव आणि खालापूरकडचं, पाताळगंगेकाठचं ते गाव आठवतं. आईचं लग्नाआधीचं नाव मात्र सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

आमच्या वंशावळीत बायकाच नाहीत. बाप, मुलगे, त्यांचे मुलगे. कर्जतला कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, पणजीचा मृत्यू सापडला. पान मोडीत. वाचून घेतलं तर काय, अमक्याची बायको!

डेटाबेसच्या भाषेत माहेर आणि सासर ही दोन टेबलं, जोडणारी कीच नाही. अमेरिकेत ब्रिटिश वसाहतींच्या काळातल्या बाईचं कूळ शोधणाऱ्यांचीही हीच अडचण. ते तिच्या बापाचं मृत्युपत्र धुंडाळतात, कारण त्यात लेक बऱ्याचदा लग्नानंतरच्या नावाने येते.

आपल्याकडे शेतकरी कुठलं मृत्युपत्र करतोय! पण फेरफार असतो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वारस झाली, आणि आधीच वारलेल्या मुलीची मुलंसुद्धा. म्हणजे पणजीचे वडील त्यानंतर गेले असतील, तर ती वारसनोंदीत यायला हवी.

सर्व्हे नंबर माहीत नव्हता. मग खालापूरच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून गावचे फेरफार एकेक करून वाचले. तिसऱ्या दिवशी सापडलं. 'मयत मुलगी', पुढे पणजीचं माहेरचं नाव, आणि तिची वारस म्हणून आमची आजी, 'अज्ञान, पालनकर्ता वडील'. काही पानांनी दुसरा फेरफार, त्यात आजीचं नाव कमी केलेलं. लेकींची नावं सातबाऱ्यावर येतात ती बहुतेक वेळा अशी निघून जायलाच. पण काढायला का होईना, आधी लिहावं तरी लागलं.

नक्कल आजीला वाचून दाखवली. जमिनीचा विषय भावाने काढला. आजीने त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "ते नाव परत वाच गं."

त्याच नोंदीत मयताची विधवा म्हणून पणजीच्या आईचंही नाव आहे. आता तिचे आईबाप शोधायचेत. खालापूर तेव्हा कर्जत तालुक्यातला पेटा होता आणि कर्जत 1891 पर्यंत ठाणे जिल्ह्यात. त्यामुळे अलिबागला काही मिळालं नाही तर ठाण्याला जायचं.