तारणाला नाव कुणाचं?

तालुक्यातालुक्यांतून आलेल्या माझ्या उद्योजक मैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या आणि समस्त सातारकरांच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करते. पहाटेच भाकऱ्या थापून, गोठ्यातलं आवरून, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ शेजारणीला सांगून आपण इथवर आलात, याची मला जाणीव आहे.

महिला उद्योजकांची ही परिषद सातारा जिल्ह्यात भरतेय, याचा मला अभिमान आहे. इथल्याच माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. अर्जावर अंगठे दिसले आणि रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका साक्षरतेच्या वर्गात बसल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिथे खातं उघडल्यावरही कितीतरी जणींनी सांगितलं, पासबुक घरी नको. नवऱ्याच्या हाती लागलं तर पैसे उरायचे नाहीत.

मुंबईच्या गिरणगावात तरी वेगळं काय होतं? खानावळवाल्या बायकांनी गिरणी कामगारांना पोटभर जेवू घातलं. पण किराणा उधारीचा आणि भांडवल सावकाराचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली.

म्हणून मी ठामपणे सांगते, आपल्या बायकांना धंदा शिकवावा लागत नाही. अडतं ते तारणापाशी. कष्ट तिचे आणि सातबारा त्याचा! वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये. तरी आजही माहेर तुटू नये म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर मुकाट सही करते, आणि पुढे पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागायला गेली की तिला विचारतात, जामीनदार कोण? मिस्टरांना घेऊन या. हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलाय. मला त्याची मनस्वी चीड आहे.

दुपारच्या सत्राला बँकांचे अधिकारी मंडपात बसणार आहेत. परत आलेले अर्ज पिशवीत असतील तर बाहेर काढा आणि कारण विचारा. भावांनाही एक विनंती आहे, बहिणीसमोर हक्कसोडीचा कागद ठेवू नका.

जेवणाची सोय मंडपामागे केली आहे. आज वाढायला आमचे पुरुष कार्यकर्ते आहेत. तुम्ही निवांत बसा.