खंडाळ्याच्या घाटातली हरवलेली वस्ती
(करकंब येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

करकंबच्या माणसाला रेल्वेने मुंबई गाठायची तर तो मोडनिंब किंवा कुर्डुवाडी जवळ करतो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये पाठ टेकली की पहाटेच्या अंधारात लोणावळा मागे पडतो आणि गाडी घाट उतरू लागते. बोगद्यात आवाज कोंडतो, मोकळा होतो, पुन्हा कोंडतो. डब्यातली बहुतेक माणसे त्या वेळी झोपेत असतात. हा घाट फोडायला सात वर्षे लागली. फोडणाऱ्यांनी तिथेच पाले ठोकली, तीन दगडांच्या चुली मांडल्या, आणि त्यांतले हजारो तिथेच मेले. त्यांची नावे आज कुणाच्या ओठावर नाहीत.

पुण्याकडून निघालेली रेल्वे सोलापुरात १८६० मध्येच पोहोचली होती. अडून राहिला होता तो बोरघाट, म्हणजे हाच खंडाळ्याचा घाट. सोलापूरकडचा माल रेल्वेने खंडाळ्यापर्यंत जायचा, तिथे उतरायचा, घाट उतरून खाली पुन्हा रेल्वेत चढायचा. माणसांचेही तेच. पालखी, तट्टू किंवा स्वतःचे पाय, जे परवडेल ते.

घाटाचे काम १८५६ च्या जानेवारीत निघाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली, कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. सुमारे १६ मैलांच्या मार्गात १,८३१ फूट चढायचे होते. काही ठिकाणी चढ इतका तीव्र, की ३७ फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढे. २५ बोगदे खोदले गेले. जिथे डोंगराने वळायलाही जागा दिली नाही, तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधले. गाडी तिथे थांबायची, इंजिन एका टोकाचे सुटून दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची.

हे सारे केले हातांनी. पहार, घण, टिकाव, घमेले आणि सुरुंगाची दारू एवढीच हत्यारे. कड्यावर उभे राहायला जागा नसे तिथे माणसे दोराने खाली सोडत. त्यांनी लोंबकळत खडकात भोके पाडायची, दारू ठासायची, वात पेटवायची आणि वर ओढून घ्यायची वाट पाहायची. पावसाळ्यात उघड्यावरचे काम बंद पडे, फक्त बोगद्यांतले चालू राही. १८६१ मध्ये घाटात ४२,००० च्या वर माणसे कामाला होती. आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाहून मोठी अशी ही वस्ती डोंगराच्या उतारावर पसरलेली होती. ना विहिरी पुरेशा, ना दवाखाना पुरेसा. पटकीची साथ आली की पाले ओस पडत. या कामात किती जीव गेले याचा इतिहासकारांनी केलेला अंदाज २५,००० पर्यंत जातो.

मजुरीवरूनही आग पेटली. १८५९ च्या जानेवारीत पैसे वेळेवर आणि पुरते मिळत नाहीत म्हणून मजूर उठले, दंगा झाला, चौकशी बसली. दोन महिन्यांत फॅव्हिएलने कंत्राट सोडले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतले, दोन अनुभवी अभियंते नेमले आणि काम तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. बर्कली ते पाहायला उरला नव्हता, आदल्याच वर्षी तो इंग्लंडमध्ये वारला होता. ॲलिस ट्रेडवेलचे धैर्य मोठेच, आणि तिचे नाव टिकले हे योग्यच झाले. पण त्याच घाटात डोक्यावर घमेले आणि पाठीला पोर बांधून चढणाऱ्या बायांपैकी एकीचेही नाव टिकले नाही, हे सलते. लोकांनी आपल्या परीने एक नाव जपले आहे, ते शिंगरोबाचे. वाट दाखवणाऱ्या या धनगराचा पुढे साहेबाने जीव घेतला अशी कथा सांगतात. जुन्या घाटरस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि जाणारे-येणारे तिथे हात जोडतात.

अशा विसरलेल्या जागांपर्यंत माणसांना नेऊ शकेल अशा एका खेळाविषयी आता. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसालाही जागेचा नेमका ठाव लागू लागला. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर याने रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. जिओकॅशिंग सुरू झाले ते असे. आज जगभरात असे ३० लाखांहून अधिक डबे आहेत, भारतातही आहेत. घट्ट झाकणाचा डबा, आत गुंडाळलेली छोटी वही आणि पेन्सिल. मोबाइल बघत जायचे, डबा शोधायचा, वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि डबा होता तिथेच होता तसा ठेवायचा. खेळाचा कडक नियम असा की जागा ज्याची त्याची परवानगी घ्यायची आणि परवानगीशिवाय जमीन खणायची नाही.

विसरलेल्या जागा कशा जपतात हे दुसरीकडे पाहता येते. कॅलिफोर्नियात डोनर खिंडीजवळ रेल्वेसाठी डोंगर फोडणाऱ्या चिनी मजुरांचा बोरघाटासारखाच तळ होता. तिथला १,६५९ फुटांचा बोगदा त्यांनी ग्रॅनाइटमधून कोरला. १८६७ च्या जूनमध्ये मजुरी वाढवून मागत ते संपावर गेले, तेव्हा कंपनीने त्यांची रसद तोडून संप मोडला. तळाच्या जागी सापडलेल्या वाडग्यांच्या खापऱ्यांवरून अभ्यासकांनी त्यांचे जेवणखाण ताडले. सार्वजनिक जमिनीवरून अशी खापरी उचलणे तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे खापरी उचलायच्या आधी ती खापरी आहे हे कळणारी नजरच तयार व्हायला हवी.

बोरघाटात ही नजर तयार करायला जागा आहे. १९२९ मध्ये नवा मार्ग आला आणि रिव्हर्सिंग स्टेशन सुटले. त्याचे दगडी अवशेष अजून उभे आहेत. जवळचा जुना कमानीचा पूल, ज्याला सगळे अमृतांजन पूल म्हणत, तो एप्रिल २०२० मध्ये पाडला. उरले आहे ते जपायचे तर आधी माणसांनी तिथवर जाऊन ते पाहिले पाहिजे. चालू रुळांवर किंवा बोगद्यात पाय ठेवू नये, कारण तिथे आजही गाड्या धावतात. रेल्वेची आणि वनखात्याची परवानगी काढून, सुरक्षित पायवाटेवर, डबा न ठेवताही हा खेळ होतो. नुसती जागा सांगायची आणि तिथे गेल्यावरच उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा. या कातळात पहारीच्या अर्धगोल खाचा किती दिसतात? मोजताना बोट त्या खाचेत जाते. ती खाच एका माणसाने घणाचे घाव घालत पाडली हे त्या वेळी बोटालाच कळते. पुस्तकातल्या ४२,००० या आकड्याने ते कळत नाही.

यासाठी करकंबकरांनी खंडाळ्यालाच गेले पाहिजे असे नाही. आष्टीच्या तलावाचे काम १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी लोकांच्या हाताला काम म्हणून निघाले. उजनी धरणावर हजारो हात राबले. १९७२ च्या दुष्काळात तर घरोघरची माणसे खडी फोडायला, नालाबांध घालायला गेली आणि सुकडीवर दिवस काढले. त्या कामावरचे मुकादम, मजूर, घमेले उचलणाऱ्या बाया अजून आपल्या ओट्यांवर बसलेल्या आहेत. या मे महिन्याच्या सुट्टीत मुलांनी मोबाइल आणि वही घेऊन त्यांच्याकडे जावे. कोणत्या बांधावर काम केले, पाल कुठे ठोकले होते, रोज किती मिळाला, पाणी कुठून आणले, सगळे विचारून लिहून घ्यावे. जमेल त्या आजोबा-आजींना गाडीत बसवून त्या जागी न्यावे आणि त्यांनी बोट दाखवलेल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश त्यांच्या नावापुढे मांडावेत. अशी वही गावच्या वाचनालयात ठेवता येईल.

काम लवकर हाती घ्यावे. १९७२ मध्ये विशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे.