मूठभर धान्य आणि उघडी वही

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘धर्मादाय संस्था व स्वयंसेवक मंडळे यांचे गावातील कार्य’ हा विषय मंडळाने आम्हांस दिला आहे. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले. सारे आयुष्य मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेण्यात गेले. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणे नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि जेथे आमचे स्वतःचे चुकले, तेवढेच आपणापुढे ठेवतो.

दानधर्म म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे संगमरवरी पाटी उभी राहते. मोठ्या देणग्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि ह्या महाराष्ट्रात बहुजनांच्या शिक्षणाचे जे कार्य उभे राहिले, त्याचा पाया मूठभर धान्यावर घातला गेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांतील मुलांसाठी घरोघरच्या गृहिणी मूठभर धान्य बाजूस काढीत. हाच तो मुष्टिफंड. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर अंगावरचे दागिनेही मोडले.

ह्या मुठीचे मर्म आम्हांस फार मोठे वाटते. मूठभर ज्वारीने कोणाचे घर रिते होत नाही. परंतु सर्वच देतात म्हणून कोणी दाता मिरवत नाही आणि घेणाऱ्याची मानही खाली जात नाही. शिवाय जो धान्य गोळा करावयास दारोदार जातो, त्यास कोणत्या घरी आजारीपण आहे, कोठे चूल पेटलेली नाही, हे न विचारता कळते. दूरच्या कचेरीस जे दिसत नाही, ते गावातल्या स्वयंसेवकास उंबऱ्यावरून दिसते. त्याचे खरे कार्य तेथून सुरू होते.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही तेरा वर्षांचे होतो आणि तालुक्याच्या गावी आपल्याच ज्ञातीच्या एका वसतिगृहात शिकत होतो. दर शनिवारी थैली घेऊन धान्य मागण्याची पाळी असे. त्या वर्षी लोकच रेशनच्या तांबड्या मिलोवर दिवस काढीत होते. एका दारात म्हातारीने डबा उघडला, तो तळ दिसला. आम्ही ओशाळून परत फिरलो. तिने हाक मारली, अर्धी मूठ मिलो थैलीत टाकली आणि म्हणाली, “पोरा, दारातनं रिकामं जाऊ नये.” ते घर आपल्या ज्ञातीचे नव्हते.

आता आमच्या चुकीविषयी. नोकरीत स्थिरावल्यावर गावातील आम्ही काही तरुणांनी पुस्तकपेढी काढली. पाठ्यपुस्तके वर्षभर वापरावयास द्यावी व परीक्षा झाल्यावर परत घ्यावी, अशी व्यवस्था होती. खजिनदार आम्ही. एका पैशाचीही अफरातफर झाली नाही. परंतु आळसाने दोन वर्षे हिशेब सभेपुढे मांडला नाही. पावत्या आमच्या ट्रंकेतच राहिल्या. तिसऱ्या वर्षी वर्गणीस निघालो, तेव्हा नाही कोणीच म्हणाले नाही. सर्वांनी “पुढच्या महिन्यात बघू” एवढेच म्हटले. पेढी बंद पडली. जूनमध्ये सातवी उत्तीर्ण झालेली एक मुलगी आठवीची पुस्तके मागावयास आली, तिला आम्ही रिकाम्या हाताने परत पाठविले. त्याच वर्षी तिची शाळा सुटली. केवळ पुस्तकांमुळे सुटली असे नव्हे. पण त्या दोषात आमचा वाटा आहे, आणि तो आजही आम्हांस बोचतो.

नोंदलेल्या न्यासाने हिशेब ठेवून तपासून घ्यावा, असे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा सांगतोच. परंतु धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलेली वही गावकरी वाचीत नाहीत. पैसा हरवला तर भरून काढता येतो. विश्वास गेला की वर्गणीची पावतीही कोणी हातात घेत नाही.

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांचा भार उचलणे ही त्या काळाची गरज होती. पुढे कर्मवीरांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. पहिली पायरी चढलेल्याने दुसरीवर पाऊल ठेवू नये काय?

म्हणून आमच्या तीन नम्र सूचना आहेत. वार्षिक सभेत सर्व हिशेब, अगदी चहाच्या खर्चासह, मोठ्याने वाचावा. प्रत्येक घरातील एका तरुणाने महिन्यातून एक दिवस द्यावा; कोणा वृद्धास दवाखान्यात न्यावे, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्यावा. आणि मंडळाच्या दर दहा शिष्यवृत्त्यांपैकी एक गावातील कोणत्याही जातीच्या गरजू मुलास द्यावी.

शेवटची सूचना काही वडीलधाऱ्यांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. आपलीच मुले अडली असता बाहेर का द्यावे, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. त्यांस आमचे एवढेच सांगणे की, आम्ही जे शिकलो त्यात त्या म्हातारीची अर्धी मूठ आहे. ती आम्ही दान म्हणून धरीत नाही, देणे म्हणून धरतो. ते फेडावयास ती आता नाही. पण तिच्या आळीतील मुले आहेत.

 मंडळाने ह्या सूचनांचा विचार करावा, अशी विनंती करून आपली रजा घेतो.